निळ्या रेघेपर्यंत

मी एक जुना पांढरा कप आहे आणि सध्या माझ्या पोटात बटणं भरलेली आहेत. सदऱ्याची, कोटाची, दोन भोकांची, चार भोकांची, आणि तळाशी एक मोडकं बक्कल. कपात बटणं कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं, रोज वाटतं. म्हणून तर माझी हकीकत तुम्हाला सांगायला बसलो आहे. मित्रांनो, मधेमधे थोडं गणित येईल, पण कंटाळू नका. त्या गणितावर एका माणसाचा जीव टांगलेला होता.

माझा जन्म चिनीमातीच्या कारखान्यात झाला. पातळ माती साच्यात ओतली, वाळवली, बाहेरून कान चिकटवला आणि मला भट्टीत ढकलून दिलं. भट्टीतून निघालो तेव्हा अंग कसं टणटणीत वाजत होतं! पुढे एका रंगारी बाईंनी मला फिरत्या चाकावर ठेवलं आणि माझ्या आतल्या बाजूला, काठाच्या जरासं खाली, एक बारीक निळी रेघ ओढली. शेजारच्या फळीवरच्या कपांना गुलाबाची फुलं मिळाली होती आणि मला नुसती रेघ. मी फार खट्टू झालो. ही रेघच पुढे माझं नाव काढणार आहे, हे तेव्हा मला काय ठाऊक?

आम्ही सहा भाऊ एका खोक्यातून एका शिंप्याच्या घरी आलो. त्या शिंप्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. मीही तेच म्हणतो. घर तसं लहान होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ शिलाई मशीन, आत स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधे एक दार, जे कधीच लागत नसे. त्यामुळे फळीवर बसून मला मशीनही दिसे आणि नळही दिसे. माझे भाऊ एकेक करून गेले. एक पाहुण्यांच्या पोराने पाडला, एक उकळत्या चहाने तडकला, दोघांचे कान गेले आणि त्यांच्यात रोपं लावली गेली. शेवटचा घासताना काकूंच्या हातून निसटला. धडधाकट उरलो तो मी एकटा.

मास्तरांविषयी एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं दुःख तुम्हाला कळायचं नाही. मास्तर मापाच्या बाबतीत महा हट्टी होते. गिऱ्हाईक म्हणे, "मास्तर, मागच्या वेळचंच माप धरा की." मास्तर गळ्यातली टेप काढत आणि म्हणत, "माप अंगाचं घ्यायचं असतं, आठवणीचं नाही. उभे राहा सरळ." मग गिऱ्हाईक कुरकुरत उभं राही आणि पोट निघालेलं कळे. मला या माणसाचा मोठा अभिमान वाटायचा. असं वाटायचं की जगात कोणीही लबाडी करील, पण हा माणूस मापात करणार नाही.

मग मास्तरांचे पाय सुजू लागले. आधी मोजे रुतायचे, मग बूट चढेनात. मशीनच्या पायडलवर पाय ठेवला की सुजेत खड्डा पडे. जिना चढताना धाप लागे. काकूंनी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की मास्तरांचं हृदय थकलं आहे, अंगात साचणारं पाणी त्याला उपसवत नाही. गोळ्या तर घ्यायच्याच, पण दिवसभरात पोटात जाणारं सगळं पातळ मिळून एक लिटरच्या वर जाता कामा नये. पाणी, चहा, दूध, सूप, सगळं त्यातच धरायचं.

हे मला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी काकूंनी मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं आणि त्याच दवाखान्यात नेलं. आदल्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "एक लिटर म्हणजे किती कप हो?" आणि डॉक्टर म्हणाले होते, "ते तुमच्या कपावर आहे. उद्या कप घेऊन या."

दवाखान्यात मला टेबलावर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "हे बघा काकू, बाजारात मापाचा कप मिळतो तो कुठे अडीचशे मिलिलिटरचा, कुठे दोनशे चाळीसचा. चहाचा कप दीडशेचाही असतो. पुस्तकात एक कप लिहिलं म्हणजे तो तुमच्या घरातला कप नव्हे. सिस्टर, जरा मोजा बघू हा."

सिस्टरांनी माझ्यात निळ्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि ते रेघा आखलेल्या मापाच्या ग्लासात ओतलं. खाली वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून पाहिलं. "दोनशे," त्या म्हणाल्या. "बरोब्बर दोनशे. काकू, लिटर म्हणजे हजार मिलिलिटर. हजाराला दोनशेने भागा."

"पाच," काकू पटकन म्हणाल्या.

"पाच कप. पण रेघेपर्यंत हं. काठापर्यंत भरलात तर माप चुकेल."

मित्रांनो, त्या दिवशी मी फुलं नसल्याचं दुःख कायमचं विसरलो. गुलाबवाल्या कपांना विचारा, तुमच्यात किती मावतं? एकालाही सांगता यायचं नाही!

घरी आल्यावर काकूंनी नळावरच्या दोरीला कपडे वाळत घालायचे पाच लाकडी चिमटे लावले, सगळे डावीकडे. मास्तरांना एक कप दिला की एक चिमटा उजवीकडे सरकवायचा. पाचही उजवीकडे गेले की नळ बंद. सूप असो, दूध असो, काकू ते आधी माझ्यात ओतत, रेघेपर्यंत भरत, आणि मगच वाडग्यात रिकामं करत. टोमॅटोच्या सुपाने मी दिवसभर आंबट वास मारत असे, पण तक्रार कोण करतो! शेजारीण एकदा आली आणि मला उचलून पाणी प्यायला निघाली. काकू ओरडल्या, "अहो, त्याला हात नका लावू! आमच्या ह्यांचं सगळं त्याच्यावर चाललंय." माझ्यासाठी फळीवर वेगळी जागा झाली, खाली स्वच्छ रुमाल अंथरला गेला. दुसऱ्या कुठल्या कपाचा असा थाट मी पाहिलेला नाही.

मास्तरांना मात्र तहान छळायची. ते एकेक घोट तोंडात धरून बसत, गिळायला मन होत नसे. दुपारी चिमट्यांकडे बघत आणि म्हणत, "अगं, हा तिसरा सकाळीच सरकलाय का? तू दोनदा सरकवलास."

"मी नाही, तुम्ही दोनदा प्यायलात," काकू म्हणत. "भांडायचं असेल तर कपाशी भांडा."

मग मास्तर मला हातात घेत, गोल फिरवत आणि हसत. "भांडून काय करू? हा काय ऐकतोय! पण इमानी आहे हो. गळ्यातल्या टेपनंतर मी विश्वास ठेवला तो याच्यावरच."

हे शब्द मी जपून ठेवले. सूज उतरली. एक दिवस मास्तरांनी बूट घातले, नाडी बांधली आणि खोलीभर चालून दाखवलं. काकूंनी डोळ्याला पदर लावला. मशीन पुन्हा खडखडू लागली. मला वाटलं, आता आमचं असंच चालणार.

मग काकूंच्या बहिणीचा पाय मोडला. तिच्या घरी करायला कोणी नव्हतं, काकूंना जाणं भाग होतं. मास्तरांकडे बघायला त्यांची लेक आली. लेक परगावी नोकरी करते, रजा काढून धावत आली होती आणि बापावर तिचा फार जीव. येताना तिने बापासाठी एक मग आणला होता. पिवळा, जाडजूड, पोट सुटलेला, आणि कान एवढा मोठा की चारही बोटं आत जावीत.

काकू निघायच्या गडबडीत होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी लेकीला बजावलं, "पाच चिमटे, पाच कप. त्यावर एक थेंब नाही. बाबा लाडीगोडी लावतील, अजिबात ऐकायचं नाही. कळलं?"

"कळलं गं आई. तू निश्चिंत जा."

कोणता कप, हे काकूंनी सांगितलं नाही. त्यांच्या दृष्टीने घरात कप म्हणजे मीच होतो. आपलं हे असंच होतं, मित्रांनो. जे आपल्याला रोजचं असतं ते दुसऱ्यालाही माहीत असेल असं आपण धरून चालतो.

काकू गेल्या. लेकीने नळाखाली हात धुतले, चिमट्यांकडे पाहिलं, मग फळीवर माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावरच्या मगकडे पाहिलं. पोरगी हुशार होती. तिने विचारलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही सगळा ठपका तिच्यावर ठेवाल. तिने स्पष्ट विचारलं, "बाबा, कोणत्या कपाने द्यायचं?"

मास्तर खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं. मी रुमालावर ताठ बसलो होतो, ते बोट दाखवतील म्हणून वाट बघत होतो. मग त्यांनी मगकडे पाहिलं. त्या मोठ्या, खोल मगकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. ओठांवरून जीभ फिरवली.

"कोणत्याही," ते म्हणाले. "कप तो कप."

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. ज्या माणसाने गिऱ्हाइकाला मागचं माप कधी लावू दिलं नाही, तो म्हणत होता कप तो कप! टेप ती टेप, असं ते कधी म्हणाले असते का? केसाने गळा कापणं कशाला म्हणतात, ते मला त्या क्षणी कळलं.

लेकीने तो पिवळा मग भरला. काठोकाठ भरला, कारण त्याला रेघ नव्हती. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून प्यायले. पहिल्यांदाच त्यांनी घोट तोंडात धरून ठेवला नाही. लेकीने इमानेइतबारे एक चिमटा सरकवला. चिमट्यांना काय, त्यांना कप मोजता येतात, पाणी मोजता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर फळीपाशी आले. मला वाटलं, चूक उमगली. त्यांनी मला उचललं, मशीनच्या टेबलावर नेलं आणि खिशातली मूठभर बटणं माझ्यात टाकली. मग खडूचे तुकडे टाकले. मग मोडकं बक्कल. "बटणं सांडतात सारखी," ते लेकीला म्हणाले. बटणांसाठी घरात डबे काय कमी होते? मला तिथून हलवायचं होतं, एवढंच खरं. मला ठेवतानाही त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं नाही.

मशीनच्या टेबलावरून मला त्यांचे पाय अगदी जवळून दिसत. म्हणजे माझ्याच नशिबी ते बघणं आलं. आधी मोज्याचा वळ उमटला. मग घोट्याचं हाड दिसेनासं झालं. मग पायडल थांबलं. मी ओरडून सांगितलं असतं, पण तोंडात बटणं कोंबलेल्याचं कोण ऐकतं?

लेक घाबरली. एका सकाळी तिने बूट आणून बापाच्या पायात चढवून पाहिले. बूट अर्ध्यावर अडकले. "असं कसं, बाबा? पाचच देते मी. आईने सांगितल्यावर एक थेंब जास्त नाही." तिने फोन काढला, काहीतरी शोधलं आणि मोठ्याने वाचलं, "एक कप म्हणजे दोनशे चाळीस मिलिलिटर." मग बोटांवर हिशेब केला. "दोनशे चाळीस पंचे बाराशे! बाबा, पाच कप म्हणजे लिटर होतच नाही. दोनशे जास्त होतात रोज. आईचं मापच चुकलं. तो जुना कप कोणी मोजला होता काय माहीत! त्या कपानेच घात केला."

मी! मी घात केला! दवाखान्याच्या टेबलावर उभा राहून परीक्षा दिलेला मी!

मी मास्तरांकडे पाहिलं. अजूनही वेळ गेली नव्हती. एक वाक्य पुरे होतं, की कप खरा आहे, हा पिवळा मग मोठा आहे. मास्तर माझ्यात बोटं घालून एक काळं बटण शोधत होते. ते बटण त्यांना बराच वेळ सापडत नव्हतं. मित्रांनो, पहिल्या दिवशी त्यांनी मला सोडलं ते तहानेपायी, हे मी समजू शकतो. पण माझ्यावर आळ येताना ते गप्प राहिले, हे मला आजही समजत नाही.

"आता चारच देणार," लेक म्हणाली. चार दोनशे चाळीस म्हणजे हजाराच्या आत, हा तिचा हिशेब अगदी बरोबर होता. पण तिचा मग दोनशे चाळीसचा नव्हता, साडेतीनशेचा होता. चार मग म्हणजे चौदाशे. फोनमधल्या कपाने तिने आपल्या हातातला मग मोजला. माप अंगाचं घ्यायचं असतं, हे तिच्या बापाने तिला शिकवलं नव्हतं का? शिकवलं असणार. पण शिकवणाराच समोर गप्प बसला होता.

एका दुपारी मास्तरांना आडवं पडवेना. बसल्या जागी श्वास पुरेना, ओठ निळसर झाले. लेकीने शेजाऱ्यांना हाका मारल्या, खुर्चीसकट त्यांना जिन्यावरून खाली नेलं. घर उघडंच राहिलं. पाचवा चिमटा अजून डावीकडे होता.

काकू दुसऱ्याच दिवशी परतल्या. दवाखान्यातून लेकीबरोबर मास्तरांचे कपडे न्यायला घरी आल्या तेव्हा लेक रडत रडत तेच सांगत होती, "पाचच गं आई, नंतर तर चारच." काकूंची नजर फळीवर गेली. रुमाल रिकामा होता.

"कप कुठाय?"

"कुठला कप?"

काकू घरभर शोधत फिरल्या आणि मशीनपाशी आल्या. मला बघून त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी बटणं टेबलावर ओतली, मला खसाखसा धुतलं आणि निळ्या रेघेपर्यंत भरून त्या पिवळ्या मगमध्ये रिकामं केलं. तो अर्ध्याच्या जरा वर भरला. त्यांनी मला पुन्हा भरलं आणि हळूहळू ओतत राहिल्या. माझ्यात जेमतेम पाव पाणी उरलं तेव्हा कुठे मग काठोकाठ झाला.

लेक बघत राहिली. "मी बाबांना विचारलं होतं गं," ती म्हणाली. "देवाशपथ विचारलं होतं."

काकूंनी माझ्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं.

मास्तर वाचले. बऱ्याच दिवसांनी घरी आले, अर्धे होऊन आले. काकूंनी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि एवढंच विचारलं, "लेकीने विचारलं होतं ना तुम्हाला?"

"विचारलं होतं."

"मग?"

मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. लेक दारात उभी होती. तिनेही ऐकलं. माझ्यावरचा आळ पुसला गेला तो असा, दोन शब्दांत आणि पाठ फिरवून. माझं नाव कोणी घेतलं नाही.

मला वाटलं, आता तरी माझा रुमाल मला मिळेल. पण मास्तरांची बोटं आखडली होती, माझ्या बारीक कानात ती जाईनात. मगचा कान मोठा होता. शिवाय लेकीने हौसेने आणलेला मग टाकून दिला असता तर ती जन्मभर मनाला लावून घेत राहिली असती. म्हणून काकूंनी मला शेवटचं भरलं, मगमध्ये ओतलं, आणि पाणी जिथे पोचलं तिथे मगच्या आतून लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. झालं! माझं माप मगला मिळालं आणि मगला रुमाल मिळाला. चिमटे पुन्हा पाच झाले. आणि टेबलावर पसरलेली बटणं पुन्हा माझ्यात आली.

तेव्हापासून मी इथेच आहे. लेक परत गेली. मास्तरांच्या पायांची सूज उतरली, बूट चढतात. तो मग रोज घासला जातो, आणि नेलपॉलिश म्हणजे काही भट्टीत भाजलेला रंग नव्हे. लाल रेघ विटत गेली, तुटत गेली. काकूंची नजर आता अधू झाली आहे, त्या अंदाजाने भरतात. पण मास्तरांची नजर शिंप्याची आहे. रेघ कुठे संपते हे त्यांना दिसत होतं, आणि पाणी रोज तिच्या केसभर वर चढत होतं हेही. मी वाट बघत होतो. मला आता कशाचीच खात्री नव्हती.

परवा काकू बाजारात गेल्या असताना मास्तर मग घेऊन माझ्यापाशी आले. मग त्यांनी बटणं एकेक करून टेबलावर काढली, मला नळाखाली धरलं, धुतलं आणि भरू लागले. पाणी निळ्या रेघेशी आलं. नळ चालूच होता. पाणी रेघेच्या वर गेलं, काठाकडे चढलं. माझ्या मनात आलं, पुन्हा तेच!

मास्तरांनी नळ बंद केला. माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "तहान फार वाईट असते रे," ते म्हणाले. मग त्यांनी मला किंचित कलतं केलं आणि जास्तीचं पाणी थेंब थेंब मोरीत सांडून दिलं. खाली वाकून, डोळा रेघेला आणून पाहिलं. बरोबर झाल्यावर मगमध्ये ओतलं आणि काकूंच्या नेलपॉलिशने नवी रेघ ओढली. आखडलेल्या बोटांनी, पण अगदी सरळ.

मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. चुकलो म्हणतील. त्यांनी मला कोरडं पुसलं, आत नीट बघितलं, आणि बटणं पुन्हा माझ्यात भरली.

मित्रांनो, मला रुमाल नको, फळीही नको. तुमच्या घरात कोणाला औषध, पाणी, दूध कपाने मोजून द्यायचं असेल, तर आधी तो कप मोजून घ्या. आमच्यासारखे कप दिसायला भाऊ भाऊ दिसले तरी आमच्या पोटात सारखं मावत नाही. आणि कोणता कप, असं कोणी तुम्हाला विचारलं, तर खरं काय ते सांगा. कितीही तहान लागली असली तरी. आमच्या घरी एका मुलीने तेवढं विचारलं होतं.